मुलांचा परदेशप्रवास आणि लशींचे दाखले

केनियातील मसाई माराचे अफाट गवताळ रान, तेथील सिंहांचे कळप आणि नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या झुंडी मुलांना एकदा तरी दाखवून आणाव्यात, या हौसेने जी मराठी कुटुंबे पूर्व आफ्रिकेकडे वळू लागली आहेत, त्यांतील पुष्कळांची अशी समजूत असते की, लशीच्या दाखल्याची चौकशी काय ती नैरोबीला होईल आणि तेथून एकदा बाहेर पडले म्हणजे त्या कागदाचे काम संपले. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. त्या कागदाची खरी तपासणी परतीच्या वेळी, मुंबईला उतरल्यावर होते. आणि ज्याच्यापाशी पीतज्वराच्या, म्हणजे दवाखान्यांत सर्रास ज्याला ‘यलो फीवर’ म्हणतात त्या रोगाच्या, लशीचा वैध दाखला नसेल, त्याला, मग ते सात वर्षांचे मूल असो की सत्तरी गाठलेले आजोबा असोत, त्या मुलखातून निघाल्यापासून सहा दिवस भरेपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांना आहे.

हा कडक बंदोबस्त निष्कारण नाही. ज्या एडिस डासामुळे आपल्याकडे दर पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरतात, तोच डास पीतज्वराचाही वाहक आहे आणि आपल्या कुंड्यांखालच्या बशांत, गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, गॅरेजमागे टाकून दिलेल्या टायरांत त्याची पैदास बारमाही चालू असते. ज्याला अजून या भूमीत पाय रोवता आलेला नाही तो केवळ विषाणू. लस न घेतलेला एक आजारी प्रवासी आला आणि त्याला येथील डास चावला, तर पुढे काय होईल याची कल्पनाही करवत नाही, कारण आपल्या लोकसंख्येला या रोगाचा पूर्वसंपर्क नाही आणि त्याच्यावर रामबाण असे औषधही नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत साधारणतः तीन ते सहा दिवस जातात. सहा दिवसांची मुदत त्यावरूनच बेतलेली आहे. आफ्रिकेतील केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना हे देश आणि दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, पेरू, कोलंबिया हे देश पीतज्वराच्या देशांच्या यादीत मोडतात. यादीत अधूनमधून फेरफार होतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची चालू यादी पाहून खातरजमा करून घ्यावी. गतवर्षी शेजारचे जाऊन आले तेव्हा काय होते, यावर विसंबू नये.

यावरून या विषयातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. ‘त्या देशाला कोणती लस लागते?’ हा एकच प्रश्न विचारून आईबाप थांबतात, आणि तो प्रश्न अपुरा आहे. ज्या देशात जावयाचे त्याची अट निराळी, वाटेत ज्या विमानतळावर थांबावयाचे त्या देशामुळे लागू होणारी अट निराळी, परतताना आपल्या स्वतःच्या देशाची अट निराळी, आणि तेथे जाऊन मुलाला शाळेत घालावयाचे असेल तर त्या शाळेची अट या तिघींहून निराळी. शिवाय कोणत्याही सरकारने कोणताही कागद मागितला नाही तरी मुलाच्या शरीराला ज्या संरक्षणाची गरज असते, तो भाग या सर्व अटींच्या पलीकडचा आहे. या सर्वांचा मेळ मुलाच्या वयाशी घालावा लागतो, आणि लहान मुलाचे वय महिन्यांत मोजावयाचे असल्यामुळे, सहलीचा महिना ठरवताना सुट्टी आणि हवामान यांच्या जोडीला मुलाचे वय हाही विचार अगदी प्रारंभी झाला पाहिजे.

पीतज्वराच्या लशीपुरते बोलावयाचे तर, ती आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांतच ती टोचली जाते आणि त्याच केंद्राच्या शिक्क्याचा दाखला ग्राह्य धरला जातो. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ती सोय आहे. अन्य शहरांतील मान्यताप्राप्त केंद्रांची नावे आरोग्य मंत्रालयाच्या यादीत सापडतात. लशीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि कुपी एकदा उघडली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठराविक वारी, ठराविक संख्येलाच आणि पूर्वनोंदणी करूनच लस देतात. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर या नोंदणीला गर्दी होते. मे महिन्यातील प्रवासासाठी एप्रिलच्या अखेरीस धावाधाव करणाऱ्यांना जागा मिळेलच याचा भरवसा नाही. त्यातही दाखला टोचल्याच्या दिवसापासून लागू होत नाही. तो लागू होतो दहा दिवसांनी, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा अवधी लागतो. १ मे रोजी लस घेतली तर दाखला ११ मेपासून वैध, असा हा सरळ हिशेब आहे, आणि तो निघण्यापूर्वीच पुरा झालेला असावा, हेच शहाणपणाचे. विमान कंपनीची माणसेही अनेकदा सामान देतानाच तो पाहावयास मागतात. पूर्वी या दाखल्याची मुदत दहा वर्षे असे. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत दुरुस्ती होऊन तो आयुष्यभर वैध ठरला आहे, आणि ही दुरुस्ती त्यापूर्वी दिलेल्या दाखल्यांनाही लागू असल्यामुळे, जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांनंतरची तारीख लिहिलेली दिसली म्हणून लस पुन्हा टोचून घेण्याचे कारण नाही.

दाखल्याच्या त्या पिवळ्या पुस्तिकेकडे, केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी, जरा निरखून पाहावे असे मी आग्रहाने सुचवीन. तिच्यात धारकाचे नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक आणि सही यांना जागा असते. त्याखालील रकान्यांत लशीचे नाव, टोचल्याची तारीख, देखरेख करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही, लस बनवणाऱ्याचे नाव आणि कुपीचा बॅच क्रमांक, दाखल्याची मुदत आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, असा क्रम असतो. सही हाताने केलेली हवी. शिक्का उमटला म्हणून सहीवाचून चालत नाही. खाडाखोड झालेला किंवा एखादा रकाना कोरा राहिलेला दाखला रद्दबातल ठरू शकतो, म्हणून चूक आढळल्यास तेथल्या तेथे दुसरी पुस्तिका मागून घ्यावी. कुटुंबाचा मिळून एक दाखला चालत नाही. अगदी वर्षाच्या मुलालाही स्वतंत्र दाखला असावा लागतो आणि ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याच्या वतीने आईने किंवा बापाने सही करावयाची असते. पासपोर्टचा क्रमांक दाखल्यावर येत असल्यामुळे मुलाचा पासपोर्ट आधी आणि लस नंतर, हा क्रम आपोआप ठरतो. येथे एक बारीक पेच आहे. आपल्याकडे अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांच्या मुदतीचा असतो, तर दाखला जन्मभराचा; साहजिकच पुढे पासपोर्टचा क्रमांक बदलतो आणि दाखल्यावरचा तसाच राहतो. अशा वेळी जुना, रद्द झालेला पासपोर्ट जपून ठेवून नव्यासोबत दाखवला म्हणजे दोहोंचा दुवा जुळतो.

आता वयाचा प्रश्न. ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. सहा महिन्यांखालील अर्भकाला ती देतच नाहीत, कारण त्या वयात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो; सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ती टाळतात, आणि सर्वसाधारणपणे नऊ महिने पुरे झाल्यावरच देतात. तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीतही डॉक्टर सावधगिरी बाळगतात, म्हणजे बाळाला लस नको म्हणून केवळ बाळापुरती सूट मिळवून भागत नाही, आईचाही प्रश्न उभा राहतो. ज्या मुलाला अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे, ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी क्षीण झाली आहे, त्याच्यासाठी ही लस वर्ज्य असते. आणि साठी उलटलेल्या आजीआजोबांना ती पहिल्यांदाच द्यावयाची तर तीव्र दुष्परिणामांचा संभव तरुणांपेक्षा अधिक असल्यामुळे डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच निर्णय घ्यावा लागतो. वैद्यकीय कारणास्तव लस देता येत नसेल तर डॉक्टर तसे लेखी प्रमाणपत्र देऊ शकतात आणि नियमावलीत त्याला स्थान आहे. परंतु ते प्रमाणपत्र म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे. ते मान्य करावे की अशा प्रवाशाला देखरेखीखाली ठेवावे, हे त्या त्या ठिकाणचा आरोग्य अधिकारी ठरवतो. वयावरून मिळणाऱ्या सवलतीही देशोदेशी वेगवेगळ्या आहेत. कोणी नऊ महिन्यांपासून दाखला मागतो, कोणी एक वर्षापासून.

माझे स्पष्ट मत असे की, घरात वर्षाच्या आतले मूल असताना पीतज्वराच्या प्रदेशातील सहल पुढे ढकलावी. सिंह आणि हत्ती दोन वर्षांनीही तेथेच असतील, आणि आठ महिन्यांच्या बाळाला त्यांचे दर्शन झाले काय नि न झाले काय, सारखेच. नोकरीच्या किंवा आप्ताच्या कारणाने जाणे अटळच असेल, तर मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांचा आणि विमानतळ आरोग्य कचेरीचा, असा दोघांचाही लेखी सल्ला घेऊनच पाऊल टाकावे.

नऊ महिने ते दीड वर्ष या वयोगटातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गणित सोडवावे लागते, आणि ऐन वेळी सर्वाधिक घोटाळे याच गणितात होतात. दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी टोचाव्यात, नाही तर त्यांच्यात किमान चार आठवड्यांचे अंतर राखावे, असा संकेत आहे. गोवर-रुबेलाची किंवा त्यांत गालगुंडाची भर घातलेली एमएमआर ही लस जिवंत आहे, कांजिण्यांचीही जिवंत आहे, आणि पीतज्वराचीही. नऊ महिने भरताच गोवराची पहिली मात्रा दिली आणि आठवड्याने पीतज्वराच्या केंद्रात जाऊन उभे राहिले, तर तेथील डॉक्टर चार आठवड्यांनी या म्हणून सांगतात, आणि त्यात आणखी दहा दिवस मिळवले म्हणजे प्रवासाची तारीख निसटून गेलेली असते. यासाठी प्रवासाच्या तारखेपासून उलटे मोजत यावे. दाखल्याचे दहा दिवस, जिवंत लशींमधील चार आठवडे, केंद्रातील नोंदणीचा अवधी, आणि टोचल्यानंतर येऊ शकणाऱ्या तापाचे दिवस. एमएमआरनंतरचा ताप लगेच येत नाही, तो साधारणतः सात ते बारा दिवसांनी येतो. विमानात बसण्याच्या दिवशीच मूल तापाने फणफणू नये, एवढे भान हा दिवस ठरवताना ठेवले तर पुष्कळ त्रास वाचतो. एकंदरीत तीन महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाणे इष्ट, सहा आठवडे ही शेवटची हद्द.

वाटेतल्या थांब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिका स्वतः पीतज्वराच्या यादीत नाही, म्हणून केपटाउनला जाणारी कुटुंबे निश्चिंत असतात. परंतु स्वस्त तिकिटाच्या मोहाने आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेल्यास आणि तेथील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबा पडल्यास, एक वर्षावरील प्रत्येकाकडे दक्षिण आफ्रिका हा दाखला मागते. भारतात परततानाही अशा देशातील थांबा हिशेबात धरला जातो. विमानतळाबाहेर मुळीच न पडलेल्या प्रवाशाला सूट देता येते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. तेव्हा बोर्डिंग पास घरी पोहोचेपर्यंत टाकून देऊ नयेत.

लशी आणि प्रवास यांचा संबंध आपल्या मुलखाला नवा नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली, आणि हिंदुस्थानातील ते पहिले यशस्वी लसीकरण ठरले. ती लस बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचली जात, मुंबई बंदरात पोहोचली होती. आणि येथून पुढे ती पुणे, सुरत, मद्रास असा प्रवास करीत गेली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९८० च्या मे महिन्यात, देवी या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. त्यापूर्वी परदेशी जाणाऱ्या बहुतेकांना देवीच्या लशीचा दाखला पासपोर्टसोबत बाळगावा लागत असे; रोग गेला आणि दाखल्याची अटही गेली. दाखले मागण्यामागे कोणाला अडवण्याची हौस नसून रोगाची वाट अडवण्याचा हेतू असतो, याचे एवढे उघड उदाहरण दुसरे सापडणार नाही.

युरोप, अमेरिका, दुबई, सिंगापूर येथे सुट्टीवर जाणाऱ्या भारतीय कुटुंबाकडे सामान्यतः कोणीच लशीचा कागद मागत नाही, आणि त्यामुळेच त्या प्रवासात एक धोका डोळ्याआड होतो. तो गोवराचा. हा रोग दरिद्री देशांचा, अशी आपली जुनी समजूत आहे; परंतु अमेरिकेने २००० साली ज्याचे निर्मूलन जाहीर केले, त्याच गोवराची मोठी साथ २०२५ मध्ये टेक्सास राज्यात उसळली आणि लस न घेतलेली मुले तिला बळी पडली. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू तरंगत राहू शकतो. विमानतळाचा कोंदट प्रतीक्षाकक्ष याहून अनुकूल जागा त्याला कोणती मिळणार? आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकानुसार गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. सहा महिने पुरे केलेले पण नऊ महिने न भरलेले बाळ घेऊन परदेशी जावयाचे असेल, तर डॉक्टर त्याला एक आगाऊ मात्रा देण्याचा विचार करू शकतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे त्या वयात अजून शिल्लक असल्यामुळे ती मात्रा पुरेशी रुजत नाही, म्हणून तिची गणना नेहमीच्या मात्रांत करीत नाहीत आणि ठरलेल्या वयाच्या मात्रा पुढे घ्याव्याच लागतात. तथापि प्रवासापुरते तिचे मोल मोठे आहे. दोन मात्रा चुकलेल्या मोठ्या मुलांनी निघण्यापूर्वी त्या चार आठवड्यांच्या अंतराने पुऱ्या कराव्यात.

कागदपत्रांविषयी लिहिताना आपल्या घरांतील एका जुन्या रिवाजाकडे लक्ष वेधणे भाग आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळ जन्मते कोल्हापूरच्या किंवा अकोल्याच्या प्रसूतिगृहात, तेथे त्याला बीसीजी, कावीळ ‘ब’ आणि पोलिओचे थेंब मिळतात, पुढे दोन-तीन महिन्यांनी आई सासरी येते आणि नव्या डॉक्टरांकडे नवे कार्ड सुरू होते. परिणामी जन्माच्या वेळच्या लशी एका कार्डावर, पुढल्या दुसऱ्यावर. आणि पहिल्या कार्डावर मुलाचे नावच नसते, कारण बारसे व्हावयाचे असते, तेथे नुसते ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, तेही कधी माहेरचे. परक्या देशातील शाळेच्या परिचारिकेपुढे हे कार्ड ठेवले तर ते याच मुलाचे कशावरून, असा प्रश्न ती विचारणारच, आणि तिचा प्रश्न रास्त असेल. उपाय सोपा आहे. दोन्ही कार्डे, जन्मदाखला आणि पासपोर्ट घेऊन आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि जन्मापासूनच्या सर्व मात्रांचा एकच एकत्रित उतारा, पासपोर्टावरील नावाच्या हुबेहूब अक्षरांत, त्यांच्या कागदावर, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्यावा. तारखांत महिना अक्षरांनी लिहावयास सांगावा. आपण ०५/०७/२०२४ लिहितो तेव्हा ती ५ जुलै असते. अमेरिकेत तीच ७ मे वाचली जाते, आणि केवळ एवढ्या कारणाने एखादी मात्रा ठरलेल्या वयाआधी दिली म्हणून बाद होऊ शकते. ‘ट्रिपल’, ‘पेंटा’, ‘बूस्टर’ असे मोघम शब्द न ठेवता प्रत्येक लशीत कोणकोणत्या रोगांचा अंतर्भाव आहे ते स्पष्ट लिहावे. सरकारी केंद्रात लस घेतलेल्या मुलांसाठी माता-बाल संरक्षण कार्ड आणि यू-विनवरील नोंद हे दोन्ही उपयोगी पडतात. पण ती नोंद नाव आणि तारीख तपासूनच उतरवून घ्यावी.

सहलीपेक्षा बिऱ्हाड हलवणाऱ्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते. पुण्याहून किंवा ठाण्याहून नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेला जाणाऱ्या कुटुंबाला तात्पुरत्या व्हिसासाठी मुलाच्या लशींचा पुरावा द्यावा लागत नाही. कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी मात्र तो द्यावा लागतो, आणि शाळेसाठी दोघांनाही. तेथील लसीकरणाचे कायदे राज्यागणिक निराळे असल्यामुळे ज्या राज्यात राहावयाचे त्याच राज्याची अट पाहावी. सर्वसाधारणपणे एमएमआरच्या दोन मात्रा पहिल्या वाढदिवसानंतर दिलेल्या असाव्या लागतात, म्हणजे आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेली मात्रा तेथे मोजली जात नाही. आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात गालगुंडाची लस नसल्यामुळे केवळ गोवर-रुबेला घेतलेल्या मुलाला ती घ्यावीच लागते. कांजिण्यांची लसही सरकारी वेळापत्रकात नाही, पण तेथील शाळा ती मागतात. पोलिओच्या बाबतीत तर एक अशी अट आहे जी इकडे फारशी कोणाला ठाऊक नसते: १ एप्रिल २०१६ नंतर दिलेले तोंडावाटेचे थेंब तेथे ग्राह्य धरत नाहीत, कारण त्या महिन्यात जगभर पोलिओच्या थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. तेव्हा इंजेक्शनाने दिलेल्या पोलिओ लशीच्या किती मात्रा झाल्या आहेत हे तपासून घ्यावे, आणि दंडावर त्वचेत दिलेल्या अल्पमात्रेची नोंद असल्यास तिच्याविषयी त्या राज्याच्या शाळा-अधिकाऱ्यांना आधीच विचारावे. राहिलेल्या मात्रा भारतातच घेऊन निघणे खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचे पडते. कोणत्याही लशीचा क्रम मध्येच खंडित झाला तर तो पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेल्या मात्रा तेवढ्या पुऱ्या करावयाच्या असतात, हेही आईबापांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या बहुतेक मुलांना जन्मतः बीसीजी टोचलेली असते आणि तिचा वण दंडावर असतो. परदेशी क्षयरोगाची त्वचाचाचणी झाली तर बीसीजीमुळे ती होकारार्थी येण्याचा संभव असतो. घाबरून न जाता बीसीजीची नोंद दाखवावी आणि रक्ताच्या चाचणीची विनंती करावी, कारण त्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहावयास जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र मान्य केंद्रातून घ्यावे लागते. जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडी आणि शाळा यांसाठी गोवराच्या लशीचा पुरावा बंधनकारक झाला आहे, एक वर्षाच्या मुलाला एक मात्रा आणि दोन वर्षांच्या मुलाला दोन. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ नंतर जन्मलेल्या मुलांना पाळणाघरात किंवा शाळेत घालण्यासाठी अकरा लशी सक्तीच्या करण्यात आल्या, आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स यांसारख्या राज्यांत लसीकरण पुरे नसल्यास पाळणाघर मुलाला दाखल करून घेत नाही. आई आणि वडील दोघेही कामावर जाणार असतील तर ही शेवटची अट पहिल्याच आठवड्यात आडवी येते.

उमऱ्यासाठी मुलांना सोबत नेणाऱ्या कोकणातील आणि मराठवाड्यातील कुटुंबांसाठी सौदी अरेबियाची अट निःसंदिग्ध आहे: एक वर्षावरील प्रत्येकाला मेनिंजायटिसची चार प्रकारांविरुद्धची लस, प्रवेशापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेली. दाखला तीन वर्षे चालतो की पाच, हे लशीच्या प्रकारावरून ठरते, म्हणून लशीचे पूर्ण नाव त्यावर असलेच पाहिजे.

एवढे सगळे दाखले जमवल्यावरही मसाई मारात मुलाला ज्या आजाराचा मोठा धोका आहे, त्याचा दाखला कोणी मागत नाही. पूर्व आफ्रिकेतील हिवताप बहुतांशी फाल्सिपॅरम या घातक जातीचा असतो, आणि लहान मुलात तो दोन दिवसांत प्राणावर बेतू शकतो. हिवताप आपल्या परिचयाचा आहे म्हणून त्याविषयी बेफिकीर राहू नये. प्रतिबंधक गोळ्या मुलाच्या वजनानुसार ठरतात. कोणत्या द्यावयाच्या ते डॉक्टरांनी ठरवावे, कारण डॉक्सिसायक्लीनसारखे औषध आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत. या गोळ्या प्रवासापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस तर मेफ्लोक्वीन चार आठवडे. घरी आल्यावर मूल हसतेखेळते आहे म्हणून त्या बंद करण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रक्तात दबा धरून बसलेले जंतू डोके वर काढतात. परतल्यानंतर तीन महिन्यांत मुलाला ताप आला, मग त्याचे कारण साधी सर्दी वाटत असले तरी, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की हे मूल अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत केनियात होते, आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.